सांध्यावरचे चार बोल्ट

इंदूर सोडून महूच्या दिशेने निघालेल्या गाडीला वाटेत राऊ हे स्थानक लागते. आग्रा-मुंबई हमरस्त्याच्या कडेचे हे गाव एके काळी शहरापासून चांगलेच अलग होते. पुढे इंदूर वाढत वाढत त्याच्या दाराशी येऊन ठेपले. प्रवाशाच्या ध्यानात राहावे असे राऊच्या फलाटावर फारसे काही नाही. तथापि या फलाटालगतच्या रुळांवरून गाड्यांची चाके सुमारे दीडशे वर्षे फिरत आली आहेत, आणि ज्या क्षुल्लक वस्तूच्या भरवशावर ती फिरली तिच्याकडे मान वळवून पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही. ती वस्तू म्हणजे बोल्ट आणि त्यावर बसणारा नट.

या मार्गाचा जन्म होळकरांच्या दूरदृष्टीतून झाला. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये हिंदुस्थान सरकारला या कामासाठी १ कोटी रुपयांचे कर्ज देऊ केले. मुदत १०१ वर्षांची आणि व्याज शेकडा साडेचार. खांडव्याहून निघालेला हा मार्ग सनावदपर्यंत १८७४ च्या डिसेंबरात पोचला, १८७६ मध्ये नर्मदेवरचा पूल खुला झाला आणि १८७७-७८ च्या सुमारास विंध्याद्रीचा घाट चढून, महू आणि राऊ ओलांडून, गाडी इंदुरात दाखल झाली. १८८२ मध्ये होळकर स्टेट रेल्वे राजपुताना-माळवा रेल्वेत विलीन झाली, पुढे ती बी. बी. सी. आय. च्या कारभारात गेली आणि १९५१ मध्ये पश्चिम रेल्वेचा भाग बनली. मालक बदलत गेले. रूळ मात्र मीटरगेजचेच राहिले.

या ‘मीटरगेज’ शब्दातच एक गंमत दडलेली आहे. हिंदुस्थानात दशमान मापे लवकरच सुरू होणार अशी १८७० च्या सुमारास सरकारची समजूत होती, म्हणून या अरुंद मार्गाची रुंदी फुटांच्या हिशेबाऐवजी नेमकी एक मीटर ठरविण्यात आली. दशमान मापे प्रत्यक्षात यायला पुढे जवळजवळ नव्वद वर्षे लागली. तोवर दोन रुळांमधले अंतर मीटरचे आणि त्याच रुळांना जोडणारे बोल्ट विलायती इंचांचे, असा हा जोडसंसार चालू राहिला.

रुळाचे तुकडे एकमेकांना जोडायचे कसे, हा प्रश्न आगगाडीइतकाच जुना आहे. प्रारंभी दोन रुळांची टोके एकाच बिडाच्या बैठकीत नुसती शेजारी ठेवीत. गाडीचे वजन एका टोकावर आले की ते खाली दबे आणि पुढच्या टोकावर चाकाचा घण बसे. १८४७ मध्ये विल्यम ब्रिजेस ॲडम्स या इंग्रज अभियंत्याने यावर जो उपाय काढला तो आजतागायत टिकून आहे. सांध्याच्या दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्या लावायच्या आणि त्या रुळाच्या पोटातून आरपार जाणाऱ्या चार बोल्टांनी आवळायच्या. इंग्रजीत या पट्टीला ‘फिशप्लेट’ म्हणतात. त्या नावाचा माशाशी संबंध नाही, जहाजाची मोडकी डोलकाठी सांधण्यासाठी जी लाकडी पट्टी बांधीत तिच्यावरून ते आले आहे.

आता या चार बोल्टांकडून अपेक्षा काय असते ते पाहावे. सर्वसाधारण बोल्टाला एकच काम सांगितलेले असते : घट्ट धर. सांध्यावरच्या बोल्टाला मात्र दोन परस्परविरोधी आज्ञा पाळाव्या लागतात. चाकाखाली सांधा वाकता कामा नये, म्हणून पट्ट्या घट्ट हव्यात. आणि उन्हात रूळ लांबतो व थंडीत आखडतो, तेव्हा त्याला पट्ट्यांच्या आत सरकताही आले पाहिजे. माळव्याच्या पठारावर पौषातल्या पहाटे रूळ पाच-सहा अंशांपर्यंत गार पडतो आणि वैशाखातल्या दुपारी तोच साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापतो. बारा मीटर लांबीचा पोलादी रूळ एवढ्या फरकाने सुमारे साडेआठ मिलिमीटर लांबतो. म्हणून दोन टोकांमध्ये फट सोडायची आणि रुळातली भोके बोल्टापेक्षा मोठी ठेवायची. जुन्या गाड्यांचा जो ‘खडक्-खडक्’ ताल प्रवाशांच्या पिढ्यान् पिढ्या ऐकत झोपी गेल्या, तो याच फटींचा आवाज होय. कोणी अतिउत्साही माणसाने हे बोल्ट लांब दांड्याच्या पान्याने करकचून आवळले तर रूळ सरकू शकत नाही, फट मिटत नाही आणि उन्हाळ्यात सबंध मार्ग सापासारखा वाकडा होण्याची धास्ती उत्पन्न होते. या कारणानेच या कामासाठी पान्याची लांबीसुद्धा ठरवून दिलेली असते.

ही तारेवरची कसरत सांभाळतो तो ‘कीमन’, म्हणजे चावीवाला. खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन तो आपल्या हद्दीतले काही किलोमीटर रोज पायी तुडवतो. सैल झालेला नट पाहिला की आवळतो, निसटलेली चावी ठोकून बसवतो. वर्षातून एकदा, ऑक्टोबर ते फेब्रुवारी या थंड महिन्यांत, सगळे सांधे उघडायचे, भोकांच्या कडेला तडा गेला आहे की काय ते न्याहाळायचे, पट्ट्यांच्या आतल्या अंगाला ग्राफाइट आणि घासलेट यांचा लेप द्यायचा आणि बोल्टांना तेल देऊन ते पुन्हा चढवायचे, असा भारतीय रेल्वेचा दंडक आहे. रेल्वेच्या इतिहासात संस्थानिकांची, गव्हर्नरांची आणि मुख्य अभियंत्यांची नावे नोंदलेली सापडतात. चावीवाल्याचे नाव सापडत नाही; आणि इतिहासाची ही एक खोड मुळीच स्पृहणीय नव्हे.

चावीवाल्याच्या हातातला नट कोणत्याही बोल्टावर बसतो हे आज आपण गृहीत धरतो. १८४० पूर्वी ते गृहीत धरता येत नसे. लंडनच्या हेन्री मॉडस्लेने १८०० च्या सुमारास आटे कापण्याचा अचूक लेथ सिद्ध केला होता खरा. परंतु प्रत्येक कारखान्याचे आटे त्याच्या त्याच्या मर्जीचे असत. एका कारखान्याच्या बोल्टाचा नट हरवला तर तो त्याच कारखान्यातून आणावा लागे. मॉडस्लेच्याच हाताखाली उमेदवारी केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने या अंदाधुंदीचा अंत केला. त्याने इंग्लंडातल्या अनेक कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, त्यांचे आटे मोजले आणि त्यांची सरासरी काढली. आट्याचा कोन ५५ अंश, आणि प्रत्येक जाडीसाठी इंचाला अमुक आटे, असे कोष्टक त्याने १८४१ मध्ये इंग्लंडच्या सिव्हिल इंजिनियर संस्थेपुढे मांडले. त्याने नवे काही लादले नाही. सर्वांना थोडे थोडे मान्य होईल असे मधले माप निवडले. रेल्वे कंपन्यांनी ते उचलून धरले, आणि त्यांच्या सामानाबरोबर ते जहाजांतून हिंदुस्थानात उतरले. व्हिटवर्थचा कारखाना मँचेस्टरला होता. इंदूरच्या गिरण्यांना चात्या आणि माग ज्या लँकेशायरातून आले त्याच परगण्यात त्यांच्या बोल्टांचे आटेही ठरले होते.

अमेरिकेने मात्र वेगळी वाट धरली. विल्यम सेलर्स याने १८६४ मध्ये फिलाडेल्फियात ६० अंशांचा आटा सुचविला. तो कापायला सोपा होता. दोन्ही आट्यांत दिसायला फरक इतका थोडा की अनुभवी फिटरही फसावा. अर्धा इंच जाडीच्या विलायती बोल्टावर इंचाला १२ आटे, तर अमेरिकन बोल्टावर १३. एका आट्याच्या या भांडणाची किंमत दुसऱ्या महायुद्धात दोन्ही राष्ट्रांना मोजावी लागली. रोल्स-रॉइसचे मर्लिन हे विमानाचे एंजिन अमेरिकेत पॅकार्ड कारखान्यात बनू लागले, तेव्हा त्या कारखान्याला विलायती आटे कापण्याची हत्यारे स्वतः घडवावी लागली. युद्ध संपल्यावर १९४८ च्या नोव्हेंबरात ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी वॉशिंग्टनला एका सामाईक आट्यावर सह्या केल्या. कोन ६० अंशांचा ठरला. व्हिटवर्थच्या देशाने व्हिटवर्थला निरोप दिला तो असा.

भारताची निवड याहून वेगळी झाली. १९४७ मध्ये इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन स्थापन झाली, १९५६ मध्ये मेट्रिक वजनमापांचा कायदा झाला आणि हळूहळू बोल्टही मिलिमीटरमध्ये मोजले जाऊ लागले. मेट्रिक आट्यांचे भारतीय मानक ४२१८ क्रमांकाचे, तर बोल्ट-नटांच्या बळाचे आणि तपासणीचे १३६७ क्रमांकाचे. कायद्याने माप बदलते. कपाटातले जुने सामान कायद्याने बदलत नाही. गिरण्यांतली, छापखान्यांतली, पिठाच्या चक्क्यांतली विलायती यंत्रे पुढेही वर्षानुवर्षे चालत राहिली आणि दुकानदाराच्या एकाच फळीवर दोन्ही जातींचे बोल्ट शेजारी शेजारी नांदू लागले. मराठीत ज्याला आटा म्हणतात त्याला हिंदीत चूडी म्हणतात. पण आटा म्हटले काय नि चूडी म्हटली काय, चुकीची जोडी चुकीचीच. पाच सोळांश इंचाचा बोल्ट ७.९४ मिलिमीटर जाडीचा असतो आणि मेट्रिक ‘एम ८’ बोल्ट ८ मिलिमीटरचा. बोटांना हा फरक कळत नाही. पण पहिल्याच्या दोन आट्यांमधले अंतर १.४१ मिलिमीटर, दुसऱ्याच्या १.२५. एकाचा नट दुसऱ्यावर दोन-तीन फेरे सहज जातो आणि मग अडतो. शहाणा कारागीर तिथे थांबतो. उतावळा कारागीर लांब पाना लावतो, नट बसतो, काम झालेसे वाटते. वस्तुतः आटे मेलेले असतात आणि तो बोल्ट पहिल्या जड ओझ्यालाच दगा देतो.

माप जुळले तरी दुसरा प्रश्न उरतोच : बसलेला नट सुटतो का? आणि सुटू नये म्हणून काय करावे? या प्रश्नाभोवती कारखान्यांत जितक्या समजुती रूढ आहेत तितक्या क्वचितच दुसऱ्या विषयात असतील.

बोल्ट आवळणे म्हणजे त्याला ताणणे होय. पोलादाचा बोल्ट अत्यंत ताठ अशा स्प्रिंगसारखा काही शतांश मिलिमीटर लांबतो, आणि परत आखडण्याच्या त्याच्या धडपडीने दोन्ही भाग एकमेकांवर दाबले जातात. पान्यावर खर्चलेल्या जोरापैकी जेमतेम एक दशांश या ताणासाठी उपयोगी पडतो. बाकीचा नटाखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात जातो. म्हणूनच तेल लावलेला बोल्ट आणि गंजका बोल्ट सारख्याच जोराने आवळले तर पहिला कितीतरी अधिक ताणला जातो. हेच घर्षण नटाला जागच्या जागी धरूनही ठेवते. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये एका साध्या यंत्राने दाखवून दिले, की बोल्टाच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या हिसक्यांपेक्षा आडव्या हिसक्यांनी नट कितीतरी लवकर सुटतो. दोन भाग एकमेकांवर आडवे घसरू लागले की आट्यांतले घर्षण क्षणभर नाहीसे होते आणि आट्याच्या उतारावरून नट स्वतःच मागे फिरू लागतो. तो काही थोडा थोडा कंटाळून सुटत नाही. अनुकूल क्षण मिळताच उतारावरच्या गाड्याप्रमाणे घरंगळतो.

युंकरच्या यंत्रावर अनेक लाडक्या उपायांचे पितळ उघडे पडले. घराघरांतल्या यंत्रांत आढळणारा स्प्रिंग वॉशर त्यांपैकी पहिला. बोल्टाच्या पूर्ण ताणाच्या कितीतरी कमी दाबात तो सपाट होऊन जातो, आणि सपाट झाला की तो साधा वॉशरच. खूप ताणलेल्या, हादरे खाणाऱ्या जोडात त्याच्यावर विसंबणे व्यर्थ आहे. रुळाच्या सांध्यावर मात्र भारतीय रेल्वे एकेरी वळणाचा जाड स्प्रिंग वॉशर वापरते आणि ते योग्यही आहे; कारण तिथे बोल्ट मुद्दामच बेताने आवळलेला असतो, पट्ट्या झिजत जातात आणि त्या झिजेची भरपाई वॉशरच्या उसळीने काही अंशी होते. तोच वॉशर एका ठिकाणी निरुपयोगी आणि दुसऱ्या ठिकाणी गुणकारी ठरतो तो असा.

दुहेरी नटाची कथा याहून मनोरंजक. एका बोल्टावर एक जाड व एक पातळ असे दोन नट चढवून ते एकमेकांवर आवळायचे, ही युक्ती फार जुनी. पातळ नट कोणता, वरचा की खालचा? दहांतले आठ कारागीर तो वर बसवतात. दोन्ही नट आवळले जातात तेव्हा बोल्टाचा ताण वरच्या नटाच्या आट्यांवर येतो आणि खालच्याचा भार हलका होतो. म्हणून जाड नट वर आणि पातळ खाली हवा. मग उलटी चाल का पडली? याचे कारण इंग्लंडातल्या जुन्या पाठ्यपुस्तकांतही दिलेले आहे, आणि ते अगदी घरगुती आहे : साधा पाना इतका जाड असतो की खालच्या पातळ नटाला धरायला तो आत शिरत नाही. पाना मिळत नाही म्हणून नटाची जागा बदलली, आणि पुढच्या पिढीने तीच रीत शास्त्र म्हणून शिकून घेतली.

खाचांचा मुकुटासारखा नट आणि त्यातून जाणारी दुभंगी पिन ही बैलगाडीच्या चाकापुढच्या कुणीची सख्खी बहीण. ती ताण टिकवीत नाही. पण नट गळून पडू देत नाही, आणि मोटारीच्या चाकाच्या धुऱ्यावर किंवा सुकाणूच्या जोडावर तेवढेच जीव वाचवायला पुरते. ज्या नटाच्या तोंडाशी नायलॉनचे कडे असते तो हलक्या, सतत थरथरणाऱ्या यंत्रांना उत्तम; परंतु सुमारे १२० अंशांच्या पुढे नायलॉन मऊ पडते, म्हणून एंजिनाच्या धुराड्याजवळ तो चालत नाही. तिथे सर्व धातूचा, तोंड किंचित दाबून लंबवर्तुळ केलेला नट घ्यावा लागतो. दोन्ही पुनःपुन्हा उघडले की पकड गमावतात. आणि या सगळ्यांच्या आधी पाहायची ती बोल्टाच्या डोक्यावरची खूण. ‘८.८’ असे कोरलेले असेल तर तो दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटनचा ताण सोसून तुटतो आणि त्याच्या आठ दशांशाला कायमचा लांबू लागतो. अशा बोल्टावर ८ क्रमांकाचा नट हवा. डोक्यावर खूण नसलेला स्वस्त बोल्ट कुठून आला आणि किती सोसेल हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

नर्मदेचा पूल ज्यांनी बांधला त्यांनी हा सगळा व्याप टाळला. सुमारे २०० फुटांचे १४ गाळे असलेल्या त्या लोखंडी कामात जोड मुख्यतः रिव्हेटांचे होते. तांबडालाल रिव्हेट भोकात ठोकला की थंड होताना तो आखडतो आणि पट्ट्या आपोआप दाबून धरतो. सुटायला त्याला आटेच नाहीत. उच्च ताणाच्या बोल्टांनी पुलांतल्या रिव्हेटांची जागा घेतली ती १९५० नंतर, बोल्ट पुरेसा ताणला तर तो सुटत नाही ही खात्री पटल्यावर.

खात्री पटणे आणि पाळणे यांत अंतर असते. १० मे २००२ रोजी लंडनच्या उत्तरेला पॉटर्स बार येथे भरधाव गाडीच्या चाकांखाली सांधेबदलाचे रूळ सरकले आणि सात माणसे दगावली. ते रूळ परस्परांपासून ठराविक अंतरावर ठेवणाऱ्या दांड्यांचे नट गळून पडलेले आढळले. १२ जुलै २०१३ रोजी फ्रान्समध्ये ब्रेतिन्यी येथे सांध्यावरची एक पट्टी चारपैकी तीन बोल्ट गेल्यावर उरलेल्या चौथ्याभोवती फिरली आणि रुळाच्या फटीत जाऊन अडकली. तिथेही सातच बळी गेले. दोन्ही देश आगगाडीच्या बाबतीत जगात पुढारलेले. चावीवाल्याच्या रोजच्या फेरीला पर्याय सापडला असे मानणाऱ्यांनी हे दोन अहवाल अवश्य चाळावेत.

राऊचे रूळही आता पालटले. मीटरगेज उखडला गेला आणि त्या जागी ब्रॉडगेज आला. नव्या पद्धतीत रूळ वितळवून अखंड जोडतात, त्यामुळे सांधे कमी, बोल्ट कमी, आणि तो जुना तालही हरपला. रूळ स्लीपरवर धरून ठेवणारी वळणदार पोलादी क्लिप पेर पांदे-रोल्फसेन या नॉर्वेच्या रेल्वे अभियंत्याने शोधली; तिला नट लागतच नाही. सांधेबदलापाशी मात्र बोल्ट टिकून आहेत. महूच्या पुढे पाताळपाणी ते कालाकुंड या घाटात चाळीसास एक असा चढ आहे. तिथे मीटरगेजचा तुकडा जतन करून डिसेंबर २०१८ मध्ये त्यावर वारसा गाडी सुरू करण्यात आली.

राऊपासून फार दूर नसलेल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात बोल्टाची अगदी उलटी अडचण पाहायला मिळते. १९८४ मध्ये कोनशिला बसलेल्या या केंद्रात ‘इंडस-२’ नावाचे १७२ मीटरहून अधिक परिघाचे वर्तुळ आहे. त्यातल्या नळ्यांत हवा जवळजवळ शून्य ठेवून इलेक्ट्रॉन फिरवतात. अशा निर्वात नळ्यांच्या जोडांत पोलादाची धार तांब्याच्या कड्यात रुतवून हवा रोखतात, आणि त्यासाठी भोवतालचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे करीत आवळावे लागतात. एकच बाजू आधी आवळली तर धार तिरपी रुतते आणि जोड गळतो. इथे नट सुटण्याची भीती नसते, तो न सुटण्याची असते. स्टेनलेस पोलादाचा नट त्याच पोलादाच्या बोल्टावर दाबाखाली फिरवला की दोघांचे पृष्ठभाग एकमेकांना चिकटतात आणि मग कापूनच काढावे लागतात. म्हणून अशा बोल्टांच्या आट्यांवर चांदीचा पातळ मुलामा देण्याची पद्धत आहे.